सत्तर काय?

मिस्त्रींच्या धंद्यात एक नियम होता आणि तो मिस्त्रींनी केलेला नव्हता. मिस्त्रींनी टेप लावून आकडा मोठ्याने म्हणायचा, त्यांच्या बायकोने तो एककासकट परत म्हणायचा, आणि तिने म्हटल्याशिवाय लाकडाला करवत लावायची नाही. चौकटीत डोकं घालून मिस्त्री ओरडले, "आठशे वीस," की बाहेरून आवाज यायचा, "आठशे वीस एमएम." तिला शंका आली तर ती परत म्हणायच्या ऐवजी विचारायची, "आठशे वीस काय?" मग मिस्त्री वैतागायचे. "काय म्हणजे काय? एमएम! आठशे वीस इंचांचं दार हत्तीने तरी बघितलंय का?" पण वैतागले तरी सांगायचे.

नियमामागे कारण होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा मिस्त्रींनी एका गिऱ्हाइकाच्या न्हाणीघराची खिडकी इंचात मोजली, आकडा डोक्यात ठेवला आणि घरी येऊन तोच आकडा सेंटिमीटरमध्ये कापला. झडप घेऊन गेले तेव्हा गिऱ्हाइकाने शांतपणे विचारलं, "ही मांजरासाठी का?" त्या दिवसापासून नवी नवरी ट्रकमध्ये शेजारच्या सीटवर बसायला लागली ती अगदी अलीकडेपर्यंत. लोक तिला मिस्त्रीणबाई म्हणायचे. त्यानंतर मिस्त्रींचं माप कधी चुकलं नाही. हे ते चारचौघांत छाती फुगवून सांगायचे. परत म्हणायचा भाग मात्र सांगताना गळून जायचा.

पुढे लाकडाचा कारखाना, मागे दोन खोल्या, मधे फरशीचं अंगण आणि अंगणात छोटा ट्रक, असा त्यांचा सगळा पसारा. गेल्या काही महिन्यांत त्यात एका खोक्याची भर पडली होती. मिस्त्रीणबाईंचा उजवा गुडघा बदलला होता. दवाखान्यातून निघताना त्यांनी डॉक्टरांना विचारलेला पहिला प्रश्न जिन्याबद्दल नव्हता, देवळाबद्दल नव्हता. "ट्रकमध्ये कधी चढता येईल?" डॉक्टर म्हणाले, तुमच्या ट्रकची पायरी किती उंच आहे त्यावर आहे. मिस्त्रींनी घरी येऊन टेप लावली. जमिनीपासून पायरीपर्यंत चारशे ऐंशी. "चारशे ऐंशी एमएम," पलंगावरून आवाज आला.

मग मिस्त्रींनी एक बुटका खोका केला आणि त्यावर वाढवायला फळ्या करून ठेवल्या. बाई एका उंचीवर हसतखेळत चढायला लागल्या की ते स्क्रू पिळून वर एक फळी चढवायचे. भिंतीला धरायला एक कडी ठोकली होती, ट्रकच्या दाराच्या कडीइतक्याच उंचीवर. बाई सकाळी चढायच्या, दुपारी चढायच्या, कुकरच्या शिट्ट्या मोजताना चढायच्या. दुखलं की मिस्त्रींच्या नावाने बोटं मोडायच्या, मिस्त्री समोर नसले तर खोक्याच्या. खोका चारशे ऐंशी झाला की पुढच्या कामाला सोबत जायचं, असं ठरलं होतं. त्यांना दुसरं काही नको होतं. आयुष्यभर काचेतून बघितलेला रस्ता त्यांना परत त्याच काचेतून बघायचा होता.

इकडे मिस्त्री एकटे जात होते आणि त्यांचे हाल होत होते. नव्या इमारती उठत होत्या त्या भागात रस्ते अजून यायचे होते, नुसता भुसभुशीत भराव. त्यात ट्रकची मागची चाकं रुतायची. एकदा चौकटी भरलेला ट्रक असा रुतला की बाहेर काढताना बसलेल्या हिसक्याने एक चौकट कोपऱ्यात उखडली. मिस्त्रींना चौकटीचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त धास्ती दुसऱ्याच गोष्टीची वाटली. असा हिसका त्या गुडघ्याला बसला तर? ती परत बसेल तेव्हा गाडी गादीसारखी जायला हवी. रुंद टायर टाकायचे. आणि तिला सांगायचं नाही, एकदम दाखवायचं.

झालं. सगळ्या आयुष्यात एकदा मिस्त्रींना गंमत करायची हुक्की आली आणि ती मापाच्या कामात आली.

टायर आणायला जाण्याआधी त्यांनी जुन्या टायरवरचे आकडे नीट वाचले, कारण माणूस निष्काळजी नव्हता. २१५/७०, मग इंग्रजी आर, मग १६. सोळा म्हणजे रिम, सोळा इंच, हे कुणालाही ठाऊक असतं. दोनशे पंधरा ही रुंदी असणार. टेप आडवी लावली, दोनशे पंधराच्या आसपास भरलं. मग सत्तर म्हणजे उंची. फळीवर लिहितात तसंच, आधी रुंदी, मग उंची. पण सत्तर एमएम उंचीचं चाक तर खेळण्यातल्या गाडीलाही लागत नाही. मिस्त्रींनी टेप उभी धरली, जमिनीपासून टायरच्या माथ्यापर्यंत. सत्तर सेंटिमीटर. बरोबर सत्तर.

आकडा जुळला आणि इथेच सगळं बिघडलं. जुळला नसता तर मिस्त्रींनी कुणाला तरी विचारलं असतं. जुळल्यावर कोण विचारतो? एकाच ओळीत एक आकडा एमएममध्ये, दुसरा सेंटीत आणि तिसरा इंचात, हे त्यांना जरा विचित्र वाटलं. पण टायरवाल्यांची जातच ढिसाळ, असं म्हणून त्यांनी टेप मिटली. सवयीने मोठ्याने "सत्तर" म्हटलंही होतं. परत म्हणणारी खोलीत खोक्यावर चढत होती आणि मिक्सर चालू होता.

टायरचा दुकानदार तरुण होता आणि बोलका होता. मिस्त्रींनी रुंद टायर मागितल्यावर त्याने दोनशे पासष्ट दाखवला.

"पण सत्तरच हवा," मिस्त्रींनी बजावलं. "उंची वाढायला नको."

"काका, सत्तर असला तरी उंची..."

"दोनशे पासष्ट-सत्तर आहे ना?"

"आहे. पण तो सत्तर म्हणजे..."

"मला मापं शिकवू नकोस बाबा. टेप धरण्यात जन्म गेला माझा."

दुकानदाराने ओठ मिटले. शिकायचं नसलेल्या गिऱ्हाइकाला शिकवलं की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, हे त्याला धंद्याने शिकवलं होतं. "स्टेअरिंग पूर्ण वळवाल तेव्हा घासतंय का तेवढं बघा," एवढं बोलून त्याने जॅक लावला.

नव्या टायरवर ट्रक रुबाबदार दिसायला लागला. भरावावर रुतायचा बंद झाला. वळताना आतून घर्र असा आवाज यायचा खरा, पण नवं रबर आहे, झिजलं की थांबेल, असा मिस्त्रींनी स्वतःच निकाल दिला. गंमत म्हणजे रस्ते आखडले. काटा रोजच्याइतक्याच वेगावर ठेवूनही ते कामावर आधी पोचायला लागले. "टायर चांगला असला की असं होतं," ते स्वतःलाच म्हणाले, कारण शेजारची सीट रिकामी होती.

मग तो दिवस आला. खोका चारशे ऐंशी झाला होता आणि बाई त्यावर कडीला नुसती बोटं लावून चढत होत्या. मिस्त्रींनी अंगणात ट्रक पुसून ठेवला होता. बाईंनी ठेवणीतली साडी काढली होती, का म्हणून विचारायची कुणाची छाती नव्हती. त्यांनी टायर बघितले, म्हणाल्या, "अगोबाई, नवे बूट!" आणि मिस्त्री लाजले.

बाईंनी दाराची कडी धरली. डावा पाय वर ठेवला, तो गेला. आता सगळा भार डाव्यावर टाकून उजवा मागून ओढून घ्यायचा, शंभरदा केलेलं. पण शरीर वर जाईना. खोक्यावर जिथे पाय सरळ व्हायचा तिथे तो अर्ध्यातच लटपटला आणि उजव्या गुडघ्यातून कळ गेली ती थेट डोक्यात. त्या खाली आल्या. पुन्हा केलं. पुन्हा खाली आल्या. मिस्त्री हात द्यायला पुढे झाले.

"नको," बाई म्हणाल्या. "उचलून ठेवायला मी काय चौकट आहे?"

"अगं, पहिलाच दिवस आहे. भीती बसली असेल."

"भीती नाही. तुम्ही जा आज."

तिसऱ्यांदा त्यांनी केलंच नाही. पदर खोचून आत गेल्या आणि तेव्हापासून ट्रकजवळ फिरकल्या नाहीत.

खोक्याकडेही नाही. मिस्त्रींनी आडून सुचवलं, सरळ सुचवलं, शेवटी आवाज चढवला. "मनानेच घेतलंस तू! खोक्यावर चढत होतीस ना?"

"घरातलं चढणं वेगळं."

"वेगळं कसं? चारशे ऐंशी इथे, चारशे ऐंशी तिथे. मी मोजलंय."

"तेच म्हणते ना मी!" बाई ताडकन म्हणाल्या. "तुमचं माप चुकत नाही. मग चुकलं कोण? माझा गुडघा. आता त्याचं रोज रोज पोस्टमॉर्टेम नको."

त्यांचं माप चुकत नाही हे त्यांनीच तिला आयुष्यभर ऐकवलं होतं.

बाईंची धाकटी बहीण भेटायला आली. ती स्वभावाने गोड होती आणि गोड माणसं बोलतात तसंच बोलली. "ताई, पुष्कळ झालं आता. या वयात ट्रकमध्ये चढायचे कसले डोहाळे? घरी बस, आराम कर." एरवी बाईंनी तिला उभी सोलली असती. त्या दिवशी त्या नुसतं "हो" म्हणाल्या. बहीण गेल्यावर बाईंनी खोक्यावर धुतलेल्या कपड्यांची टोपली ठेवून दिली.

मिस्त्री एकटे जात राहिले. आकडे मोठ्याने म्हणत राहिले, आणि परत येणारा आवाज नसल्यामुळे स्वतःच परत म्हणत राहिले. पण स्वतःचाच आकडा स्वतःला म्हणून दाखवण्यात काही राम नसतो. त्यांना करमत नव्हतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं माणूस एकच होतं.

कारखान्याच्या दाराशी मिस्त्रींनी लाकडाची एक घोडी करून ठेवली होती. तयार दार घोडीवर आडवं टाकायचं, ट्रकचा मागचा भाग तिला भिडवायचा आणि दार सरळ पुढे सरकवायचं, की ते उचलल्याशिवाय ट्रकच्या हौद्यात जायचं. घोडी हौद्याच्या उंचीला अशी जुळवली होती की मधे नखही अडकू नये. अलीकडे मात्र दार अडकत होतं. हौद्याच्या कडेला टक्कर देऊन थांबायचं. मिस्त्रींनी फरशी खचली म्हणून फरशीला शिव्या घातल्या. घोडीखाली एक तुकडा सारला. दार तरी अडकलंच. एके दिवशी एका महागड्या दाराची कड त्या टकरीत चेमटली आणि मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी दार बाजूला ठेवलं, घोडीखालचा तुकडा ओढून काढला आणि टेप घेतली.

घोडी जशी केली होती तशीच होती. एका एमएमचा फरक नाही. मग त्यांनी हौदा मोजला. हौदा घोडीपेक्षा पस्तीस एमएम वर होता.

घोडी खाली गेली नव्हती. ट्रक वर गेला होता.

मिस्त्री तिथेच घोडीवर बसले. पस्तीस एमएम म्हणजे दोन बोटं. ते करतात त्या दाराची जाडी पस्तीस एमएम. आपला ट्रक एका दारावर उभा आहे, आणि हे आपल्याला आज कळतंय. मग त्यांच्या लक्षात आलं की हौदा वर गेला तर पायरीही वर गेली असणार.

उठले ते रागाने उठले, कारण राग सोपा असतो. टायरच्या माथ्यापर्यंत टेप उभी केली. सत्त्याहत्तर सेंटी. आणि रबरावर ठळक छापलेलं, सत्तर. "खोटा शिक्का!" मिस्त्री गरजले आणि ट्रक काढून तडक टायरच्या दुकानात गेले.

दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "काका, आता सांगू का? त्या दिवशी तुम्ही सांगू दिलं नाहीत."

"सांग."

"सत्तर म्हणजे सेंटी नाही. टक्के. रुंदीचे सत्तर टक्के. रिमपासून जमिनीपर्यंत जी रबराची भिंत असते ना, तिची उंची. दोनशे पंधराचे सत्तर टक्के दीडशे. दोनशे पासष्टचे सत्तर टक्के एकशे पंच्याऐंशी. किती वाढले?"

"पस्तीस," मिस्त्री म्हणाले.

"रुंदी वाढवायची आणि उंची तीच हवी, तर दुसरा आकडा उतरवावा लागतो. दोनशे पस्तीस-पासष्ट टाकले असते तर कुणाला कळलंही नसतं. आणि काटाही खोटं बोलतोय तुमचा. साठ दाखवतो तेव्हा तुम्ही सहासष्टने जाताय. चाक मोठं झालं, काट्याला ते ठाऊक नाही."

"पण माझं जुनं चाक सत्तर सेंटी भरलं होतं. मी मोजलं होतं."

"असेल. कधी कधी जमतं तसं."

टायरवाला बिचारा हसलाही नाही. म्हणाला, जास्त चाललेले नाहीत, हे परत घेतो, उद्या आणा, दोनशे पस्तीस-पासष्ट बसवून देतो.

परतताना मिस्त्री हळू चालवत होते. वळणावर आतून घर्र आवाज आला आणि त्यांना तो पहिल्यांदाच नीट ऐकू आला. त्यांच्या मनात एक गोष्ट आली, ती आली नाही असं म्हणण्यात अर्थ नाही. उद्या गुपचूप टायर बदलायचे. ती काही टायरचे आकडे बघत नाही. मग तिला म्हणायचं, एकदा शेवटचं करून बघ, माझ्यासाठी. ती चढेल. गुडघा सुधारला म्हणेल, खूश होईल. आपलं नावही शाबूत राहील. कुणाचंच काही बिघडणार नाही.

हा विचार त्यांना घराच्या फाटकापर्यंत पुरला. ट्रक अंगणात लावून उतरले तर उघड्या दारातून आतला खोका दिसला, त्यावर कपड्यांची टोपली. पलीकडे बाई पाठमोऱ्या बसून मटार सोलत होत्या, उजवा पाय पुढे सरळ केलेला, एखाद्या नालायक नातेवाइकाला पंगतीत लांब बसवावं तसा. एवढे दिवस ती त्या पायावर रुसून होती. त्याचा काही गुन्हा नव्हता.

मिस्त्रींनी टेप काढली, ट्रकच्या पायरीला लावली आणि ओरडले, "पाचशे पंधरा!"

आतून सवयीने आवाज आला. "पाचशे पंधरा एमएम." मग जरा थांबून, "काय मोजताय?"

"ट्रकची पायरी."

मटार सोलायचा आवाज थांबला.

"खोका चारशे ऐंशीचा आहे," बाई आतूनच म्हणाल्या.

"हो."

"मग पाचशे पंधरा कशी?"

"तू बाहेर ये."

बाई आल्या. मिस्त्रींनी सगळं सांगितलं. उभ्याउभ्या, टेप हातात धरून, मधे कुठेही स्वतःला सावरून न घेता. जुन्या टायरवर काय लिहिलं होतं, त्यांनी काय वाचलं, नव्याचं काय झालं. बाई ऐकत होत्या. त्यांनी एकदाच मधे तोंड घातलं.

"सत्तर काय?"

"मला वाटलं सेंटी."

"आणि दोनशे पंधरा?"

"एमएम."

"अहो, एका ओळीत एमएम आणि सेंटी? तुम्ही स्वतः कधी लिहिता का असं?"

"तू नव्हतीस ना तिथे," मिस्त्री म्हणाले. "टक्के निघाले. अगं, तुझा गुडघा बरोबर होता. पहिल्या दिवसापासून बरोबर होता. माझं माप चुकलं."

मिस्त्रीणबाई आत गेल्या, खोक्यावरची टोपली उचलून जमिनीवर ठेवली, कडीला बोटं लावली आणि चढल्या. उतरल्या. कडी सोडून परत चढल्या. वर उभ्या राहून त्यांनी तोंडाला पदर लावला. मिस्त्रींना वाटलं रडतेय, आणि ते खरंच होतं, पण थोड्या वेळाने त्याच पदराआडून हसूही ऐकू आलं.

"मांजराची खिडकी," त्या म्हणाल्या. "परत!"

"उद्याच बदलतो टायर," मिस्त्री घाईने म्हणाले. "ठरवूनच आलोय. उंची पहिल्यासारखी होईल, मग तू..."

"बदला. घासतायत ते, बदलायलाच हवेत. पण उद्या नाही." बाई खोक्यावरून उतरल्या. "इतके दिवस मी या गुडघ्याला नको नको ते बोललेय. आधी त्या उंच ट्रकमध्ये चढेन, मग बदला. तोवर वळणावर सावकाश घ्या."

"अगं पण पस्तीस आहे तो फरक!"

"असू दे की. खोका वाढवा."

मिस्त्री कारखान्यात गेले. चेमटलेलं दार भिंतीला टेकून उभं होतं. ते आता गिऱ्हाइकाला देता येणार नव्हतंच. त्यातून खोक्याच्या मापाचा तुकडा निघत होता आणि जाडी मोजायची गरजच नव्हती. तरी त्यांनी टेप लावली आणि अंगणापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पस्तीस!"

पलीकडून लगेच काही आलं नाही. मिस्त्री करवत हातात धरून थांबले.

"पस्तीस काय?" मिस्त्रीणबाईंनी विचारलं.

"एमएम."

"पस्तीस एमएम. कापा."